साठीनंतरचे स्नायू : रोजचे फिरणे पुरेसे आहे का, आणि प्रोटीनचा डबा कधी घ्यावा?

गोडोलीकर (धागाकर्ती)

सातारा शहरात मी बरीच वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. गुडघा, कंबर किंवा खांदा दुखतो म्हणून येणाऱ्या साठीपुढच्या पुरुषांमध्ये एक गोष्ट मला सतत दिसते, आणि तिच्याविषयी घरात किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर जेवढे बोलले जायला हवे तेवढे बोलले जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे. या मंडळींचे वजन अनेकदा दहा वर्षांपूर्वी होते तेवढेच असते, शर्टाचे मापही बदललेले नसते. पण मांडी हाताला मऊ लागते, पोटरी उतरलेली असते आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर द्यावा लागतो. काट्यावरचा आकडा तोच राहतो, पण त्यातला स्नायूंचा वाटा घटून चरबीचा वाढलेला असतो. घरचे लोक याला ‘वय झाले’ म्हणतात आणि विषय तिथेच थांबतो.

वैद्यकात या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुचवले. पाठीच्या कण्यातल्या ज्या चेतापेशी स्नायूंना हुकूम देतात त्या वयानुसार कमी होत जातात, आणि त्यांच्याबरोबर विशेषतः जलद आकुंचन पावणारे तंतू बारीक होतात. ठेच लागल्यावर क्षणात पाय पुढे टाकून तोल सावरायचा तो याच तंतूंच्या बळावर. त्यामुळे सावकाश चालताना काहीच अडचण न जाणवणारा माणूस न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर मात्र स्वतःला सावरू शकत नाही. सत्तरीतल्या लोकांना काही वर्षे सतत तपासून केलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात पायांचे स्नायू वर्षाला साधारण एक टक्का घटत होते, पण पुरुषांची ताकद त्याच काळात वर्षाला तीन ते चार टक्के उतरत होती. म्हणून मी आधी ताकद मोजते, मांडीचा घेर नंतर पाहते.

घरी करता येण्याजोगी चाचणी अगदी साधी आहे. हात छातीवर बांधून, खुर्चीतून सलग पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये जे निकष ठरवले, त्यांनुसार याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर पुढे तपासणी करावी. त्याच निकषांत पुरुषांच्या पोटरीचा घेर ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, मुठीची पकड २८ किलोपेक्षा कमी आणि चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी असणे ही धोक्याची चिन्हे मानली आहेत. पकड मोजण्याचे यंत्र सगळीकडे नसते, पण टेप आणि घड्याळ प्रत्येक घरात असते.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते. माझ्याकडे येणारे बहुतेक काका पहिला प्रश्न डब्याचा विचारतात. कोणती पावडर घेऊ, मुलाने पुण्याहून अमुक पाठवली आहे ती चांगली का, असा तो प्रश्न असतो. माझे ठाम मत असे आहे की क्रम उलटा आहे. पहिला क्रमांक स्नायूंना वजन उचलायला लावणाऱ्या व्यायामाचा, दुसरा रोजच्या ताटातल्या प्रथिनांचा आणि ती दिवसभरात कशी वाटली आहेत याचा, आणि या दोन्ही गोष्टी जागेवर आल्यावर तिसरा क्रमांक पूरकांचा, म्हणजे वरून घ्यायच्या पावडरी-गोळ्यांचा. हे केवळ माझ्या अनुभवावरून म्हणत नाही. बोस्टनमधल्या एका शुश्रूषागृहात १०० दुर्बल वृद्धांवर केलेला प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. दहा आठवडे पायांना वजनाचा व्यायाम दिलेल्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली, आणि व्यायामाशिवाय नुसते पोषक पेय दिलेल्यांच्या ताकदीत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. त्याआधी, १९९० मध्ये, त्याच संशोधकांनी नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे असाच व्यायाम दिला होता, तेव्हाही ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. नव्वदीत जर हे घडू शकते, तर पासष्टीच्या माणसाने ‘आता काय उपयोग’ असे म्हणण्याचे कारण उरत नाही.

आपले अनुभव आणि शंका जरूर लिहा.

फौजी_कोरेगाव

ताई, विषय महत्त्वाचा आहे आणि आपण तळमळीने मांडला आहे, तरी एका मुद्द्यावर माझा आक्षेप नोंदवतो. मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस आहे आणि आमचा सात-आठ जणांचा गट अजिंक्यताऱ्याचा चढ नेमाने चढतो. आमच्यापैकी कोणालाही धाप लागत नाही, साखर आणि रक्तदाब आटोक्यात आहेत. आपल्या लिहिण्यावरून असे वाटते की चालणे हा जणू व्यायामच नव्हे. ज्या पिढीने आयुष्यभर शेतात आणि डोंगरात पाय झिजवले, त्या पिढीला दंडाला वजन बांधायला सांगणे मला अनावश्यक वाटते. शिवाय या वयात वजन उचलताना कंबर धरली किंवा हर्निया झाला तर त्याची जबाबदारी कोणाची, हाही प्रश्न आहेच.

गोडोलीकर (धागाकर्ती)

फौजीसाहेब, आपला गट किल्ला चढतो ही फार मोलाची गोष्ट आहे आणि ती आपण कधीही सोडू नये. हृदय, फुप्फुसे, साखर, झोप आणि मन यांच्यासाठी चालण्यासारखे दुसरे काही नाही, आणि चढ असेल तर मांड्यांनाही सपाटीपेक्षा जास्त काम पडते. माझा आक्षेप चालण्यावर नाही, तेवढ्यावर थांबण्यावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांपुढील लोकांसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या चालण्यासारख्या व्यायामाबरोबर किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम वेगळा सांगितला आहे. कारण असे की स्नायूला आपल्या नेहमीच्या कामापेक्षा जास्त ओझे पडले तरच तो टिकून राहतो किंवा वाढतो. रोजचाच चढ वर्षानुवर्षे चढला की शरीराला तो सरावाचा होतो, आणि दंड, छाती, पाठ व पकड यांना तर त्यात जवळजवळ कामच नसते.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार इथूनच केला, आणि कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले तेही तालमीच्या परंपरेतून. जोर आणि बैठका म्हणजे स्वतःच्या शरीराचे ओझे उचलणेच आहे. दुर्दैव एवढेच की आपल्याकडे तालीम विशी-पंचविशीत सुटते आणि साठीत माणूस फक्त फिरायला जातो.

दुखापतीची आपली भीती रास्त आहे, म्हणून मी सुरुवात कशी करून घेते ते लिहिते. पहिले दोन-तीन आठवडे खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून उभ्याने जोर, आणि ओट्याला धरून टाचा उचलणे एवढेच असते. एका दमात आठ ते बारा वेळा जमले पाहिजे आणि शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत. बारावे सहज झाले की ओझे थोडे वाढवायचे, म्हणजे पाण्याची एक लिटरची बाटली दोन्ही हातांत घ्यायची, नंतर पाच किलो पिठाची पिशवी छातीशी धरून उठायचे. उठताना जरा झपकन उठावे आणि बसताना तीन-चार अंक मोजत सावकाश बसावे, कारण आधी सांगितलेले जलद तंतू झपकन उठण्यातच कामाला लागतात. श्वास कोंडून जोर लावायचा नाही, उठताना श्वास सोडायचा. रक्तदाब एकदम चढणे आणि हर्नियावर ताण येणे यामुळे बरेचसे टळते. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. ज्यांना छातीत दुखते, ज्यांच्या डोळ्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, किंवा ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

कोपनहेगनमध्ये निवृत्तीच्या वयाच्या ४५१ लोकांवर झालेल्या अभ्यासाचा पुढचा भाग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी एक वर्ष देखरेखीखाली जड वजनाचा व्यायाम केला होता, त्यांची पायांची ताकद चार वर्षांनंतरही टिकून होती. मध्यम व्यायाम केलेल्यांची आणि नेहमीसारखे राहिलेल्यांची मात्र उतरली होती. एका वर्षाची मेहनत इतकी पुरते हे वाचून मला फार आनंद झाला होता.

माणदेशी

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, वजन ६० किलो. दहिवडीकडे आमची शेती आहे आणि अजूनही ते बांधावर जातात, पण वर्षभरात त्यांच्या पोटऱ्या फार उतरल्या आहेत. ते माळकरी आहेत, त्यामुळे मटण तर नाहीच, अंडेही नाही. सकाळी चहा आणि बटर (बेकरीतला कडक पाव), दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, आमटी आणि भाजी, रात्री एक भाकरी दुधात कुस्करून. दात कमी राहिल्यामुळे उसळ ते ताटात तशीच ठेवतात. मी एका दुकानातून महागडा डबा आणला होता. विकणाऱ्याने महिन्यात अंग भरेल अशी खात्री दिली होती. डबा संपला, अंग काही भरले नाही. त्यांना नेमके किती आणि काय द्यावे, हे कोणी हिशेबाने सांगेल का?

गोडोलीकर (धागाकर्ती)

माणदेशी, आपण दिलेल्या माहितीवरून हिशेब मांडते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांच्या पोषणावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१३-१४ मध्ये साठीपुढच्यांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम आणि आजारपणात १.५ ग्रॅमपर्यंत सुचवले आहे. म्हणजे आपल्या वडिलांना, अण्णांना, दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम हवीत. आता ताट पाहू. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात, तेव्हा मध्यम भाकरीतून सहा ग्रॅम धरू. तीन भाकरींचे अठरा झाले. आमटी पातळ असेल तर तिच्यात माणशी वीस ग्रॅमच्या आसपास डाळ जाते, तिचे चार-साडेचार. भाजी, चहातले दूध, रात्रीचे वाटीभर दूध आणि बटर मिळून दहा-बारा. बेरीज कशीबशी पस्तीसवर येते, म्हणजे गरजेच्या निम्मीच.

दुसरी गोष्ट वाटणीची. उतारवयात स्नायू प्रथिनांना लवकर दाद देत नाहीत. तरुणाला एका वेळी किलोमागे पाव ग्रॅम पुरते तिथे वयस्क पुरुषाला ०.४ ग्रॅमच्या आसपास लागते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसले. अण्णांसाठी ते एका जेवणाला २४ ग्रॅम होते. त्यांच्या सकाळच्या न्याहारीत तर जेमतेम चार असतील. चहा-बटरवर सकाळ काढणे ही आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांची इतकी पक्की सवय आहे की मी न्याहारीपासूनच सुरुवात करते.

मांसाहार नसला तरी काहीही अडत नाही. मटकी, हुलगे, हरभरा, तूर यांत कोरड्या शंभर ग्रॅममागे वीस ते चोवीस ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात पंचवीस आणि सोयाबीनच्या वड्यांत पन्नासच्या वर. प्रश्न चावण्याचा आहे आणि तो पिठाने सुटतो. पन्नास ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाची किंवा भिजवून वाटलेल्या मुगाची धिरडी करून सोबत मोठी वाटी दही आणि पेलाभर म्हशीचे दूध दिले की वीस-पंचवीस ग्रॅमची न्याहारी झाली. हुलग्याचे माडगे आपल्याकडे आजारी माणसाला देतात, ते रोज द्यावे, फक्त घट्ट करावे. सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढून आमटीत घातल्या तर चावाव्या लागत नाहीत आणि तीस ग्रॅममधून पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी असतेच, तिथे दाण्याचे कूट घातलेले घट्ट पिठले दुपारी द्यावे. आणि दातांचे काम करून घ्यावे. कवळी बसवल्यावर ज्यांचे जेवण सुधारले आणि मग चालही सुधारली, असे अनेक जण मी पाहिले आहेत.

डब्याने अंग का भरले नाही, याचे उत्तर २०१८ च्या एका प्रयोगात आहे. हालचालीत अडचण येऊ लागलेल्या ६५ वर्षांपुढच्या ९२ पुरुषांना सहा महिने ठरवून दिलेला आहार दिला गेला, काहींना किलोमागे ०.८ ग्रॅम आणि काहींना १.३ ग्रॅम प्रथिने. व्यायाम कोणालाच दिला नव्हता. जास्त प्रथिने घेणाऱ्यांचे स्नायू कमी घेणाऱ्यांपेक्षा वाढले नाहीत. नुसत्या विटा आणून टाकल्या म्हणून घर उभे राहत नाही, गवंडीही लागतो.

तासगावचे_मेडिकल

माझे तासगावात औषधांचे दुकान आहे, त्यामुळे डब्यांविषयी चार गोष्टी सांगू शकतो. ‘प्रोटीन’ या नावाखाली दोन अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक दुधाच्या चवीची पोषक पावडर, जिच्यात बऱ्याचदा साखर आणि पिष्टमय पदार्थच जास्त असतात आणि एका वेळच्या मापात दहा ग्रॅमही प्रथिने नसतात. दुसरी व्हे, म्हणजे चीज किंवा पनीर करताना उरणाऱ्या पाण्यातली प्रथिने वेगळी काढून वाळवलेली पावडर, जिच्या ३० ग्रॅमच्या मापात वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिने मिळतात. गिऱ्हाईक डब्यावरचे चित्र आणि किंमत पाहते, मागचा तक्ता वाचत नाही. तक्त्यात शंभर ग्रॅममागे प्रथिने किती आणि साखर किती, हे दोनच आकडे पाहिले तरी निम्मी फसवणूक टळेल. मधुमेही माणसाला तर साखरेचा आकडा पाहिल्याशिवाय काहीही देऊ नये.

माळकरी मंडळींसाठी आणखी एक सूचना. पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आहे ना, हे पाहून घ्यावे. ओमेगा-३ च्या बहुतेक कॅप्सूल माशाच्या तेलाच्या असतात आणि त्यांचे कवच जिलेटिनचे असते, जे प्राण्यांपासून करतात. हे न सांगता विकणे मला योग्य वाटत नाही. क्रिएटिन (स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणारा घटक, जो पूरक म्हणूनही विकतात) मात्र कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होते, मांसातून काढत नाहीत, त्यामुळे त्याची पावडर माळकऱ्यांनाही चालू शकते.

मिरजेचा_डॉक्टर

धागा उत्तम चालला आहे. मी मिरजेत फिजिशियन म्हणून काम करतो, तेव्हा पूरकांबद्दल आणि त्यांच्या आधी करायच्या तपासण्यांबद्दल थोडे लिहितो.

प्रथम माणदेशींना सांगतो की वर्षभरात पोटऱ्या इतक्या उतरल्या असतील आणि वजनही प्रयत्न न करता घटले असेल, तर त्याला केवळ वय समजू नका. मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, आतड्याचे विकार आणि कर्करोग यांची सुरुवात अनेकदा अशीच दिसते. आधी तपासणी, मग खुराक.

मूत्रपिंडाविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. ज्यांचे मूत्रपिंड निरोगी आहे त्यांना किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनांनी ते खराब होते, असे मानण्यास आधार नाही. पण ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आधीच आहे, त्यांनी प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. इथे एक बारकावा आहे. मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तातले जे क्रिएटिनिन मोजतात ते स्नायूंतून येते, त्यामुळे स्नायू झिजलेल्या बारीक माणसात ते नॉर्मल दिसूनही मूत्रपिंड कमजोर असू शकते. उलट क्रिएटिन घेणाऱ्याचे क्रिएटिनिन मूत्रपिंडाला काही न होताही थोडे वाढते. म्हणून क्रिएटिन घेत असाल तर तपासणीच्या वेळी ते आवर्जून सांगा. शंका असल्यास सिस्टॅटिन सी नावाची तपासणी करता येते, जिच्यावर स्नायूंचा परिणाम फारसा होत नाही.

पूरकांपैकी ज्याच्या बाजूने मला खऱ्या अर्थाने पुरावा दिसतो ते क्रिएटिन मोनोहायड्रेट. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, आणि वजनाच्या व्यायामाबरोबर. वयस्क लोकांवरील वीसेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये झाले. नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा व्यायामाबरोबर क्रिएटिन घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे १.४ किलोने अधिक वाढल्याचे त्यात दिसले. शाकाहारी माणसाच्या स्नायूत क्रिएटिनचा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे आपल्या भागात त्याचा विचार करायला जागा आहे.

धागाकर्त्या ताईंच्या क्रमाला थोडा छेद देणारा एक प्रयोगही नोंदवतो, कारण तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सत्तरीच्या निरोगी पुरुषांना व्हे, क्रिएटिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ यांचे मिश्रण दिवसातून दोनदा दिले गेले. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले सहा आठवडे व्यायाम नव्हता, तरीही चरबीविरहित वजन सुमारे ७०० ग्रॅम वाढले आणि ताकदही थोडी वाढली. पुढचे बारा आठवडे व्यायाम जोडल्यावर ताकद बरीच वाढली. माझा निष्कर्ष असा की व्यायाम सुरू करता येत नसेल तेव्हा चांगले मिश्रण थोडा आधार देऊ शकते. अर्थात त्या ७०० ग्रॅममध्ये क्रिएटिनमुळे स्नायूत धरले गेलेले पाणीही असणार, हे विसरू नये.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुडीबद्दल मला काळजीने लिहावेसे वाटते. डॉक्टरांनी आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली पुडी लोक दुकानातून आणून वर्षानुवर्षे घेत राहतात. झुरिचमध्ये सत्तरीपुढच्या, आधी कधीतरी पडलेल्या २०० लोकांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याला ६०,००० युनिट घेणाऱ्यांमध्ये पडण्याचे प्रमाण महिन्याला २४,००० घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. कमतरता असेल तर भरून काढावी, पण जास्त घेतल्याने पाय मजबूत होत नाहीत. याउलट बी-१२ कडे मात्र दुर्लक्ष होते. शाकाहारी आणि त्यातही मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये ते कमी असणे अगदी नेहमीचे आहे, आणि ते कमी असले की तळपाय बधिर होऊन तोल जातो. अशा माणसाने कितीही बैठका घातल्या तरी उपयोग होणार नाही.

कृष्णामाई

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक प्रश्न विचारते. माझे सासरे पावसाळ्यात अंगणात घसरून पडले आणि खुब्याची शस्त्रक्रिया झाली. आम्ही कराडला असतो. शस्त्रक्रिया नीट झाली, पण नातेवाइकांच्या सांगण्यावरून त्यांना बरेच दिवस अंथरुणातून उठू दिले नाही. आता जखम बरी असूनही मांड्या अगदी वाळल्यासारख्या झाल्या आहेत आणि ते उभे राहायलाच घाबरतात. जेवणही मऊ भात आणि वरणाच्या पाण्यावर आले आहे. हे भरून निघेल का?

गोडोलीकर (धागाकर्ती)

डॉक्टरसाहेब, कॅनडातल्या प्रयोगाची आठवण करून दिल्याबद्दल मनापासून आभार. ज्यांना अजून व्यायाम करता येत नाही त्यांच्यासाठी आपला मुद्दा मी मान्य करते. क्रमाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे, कारण त्या अभ्यासातही मोठी उडी व्यायामानंतरच आली.

कृष्णामाई, भरून निघेल, आणि आजच सुरुवात करावी. अंथरुणाचा परिणाम किती झपाट्याने होतो याचा एक दाखला देते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू गेले, तेही प्रथिने शिफारशीइतकी मिळत असताना. तेव्हा ‘विश्रांती घेऊ दे त्यांना’ असे प्रेमाने सांगणाऱ्यांना हे जरूर वाचून दाखवा.

ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडून पायावर किती भार टाकायची परवानगी आहे, ते आधी स्पष्ट विचारून घ्या. परवानगी असेल तर पलंगाच्या कडेला बसवून गुडघा सरळ करायला लावा आणि पाच अंक मोजेपर्यंत धरू द्या. त्याची सवय झाली की पलंगाखाली विटा लावून उंची वाढवा, म्हणजे उठणे सोपे जाते. त्या उंचीवरून वॉकरला धरून उठणे, बसणे, दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे. जसजसे जमेल तसतशी वीट काढत जायची. पलंग किंवा खुर्ची ठेवताना मागे भिंत असावी आणि समोर घरातले कोणीतरी उभे असावे, कारण त्यांची भीती खरी आहे आणि ती रागावून जात नाही.

वरणाचे पाणी हे जेवण नव्हे. डाळ तळाशी राहते आणि रुग्णाला पाणी मिळते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. वरण घट्ट घोटून द्या, त्यात चालत असेल तर अंडे फेटून घाला, दूध-दही वाढवा. जेवण इतके कमी असताना व्हेचे एक माप दुधात मिसळून देणे मला रास्त वाटते, मात्र डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे मूत्रपिंडाची तपासणी पाहून. तिसऱ्या क्रमांकाची गोष्ट इथे वर येते, कारण दुसऱ्या क्रमांकाची जागा ताटातून भरत नाही.

फौजी_कोरेगाव

ताई, आपल्या आणि डॉक्टरसाहेबांच्या सविस्तर उत्तरांनी माझे बरेचसे समाधान झाले आहे. किल्ला आम्ही सोडणार नाही, पण गटातल्या सगळ्यांची खुर्चीची चाचणी येत्या रविवारी घ्यावी असे ठरले आहे. जे १२ सेकंदांच्या आत येतील त्यांनीही वजनाचा व्यायाम करावा का, आणि चाचणी घेताना काय काळजी घ्यावी, हे कृपया सांगावे.

गोडोलीकर (धागाकर्ती)

जे आत येतील त्यांनी तर नक्की करावा, कारण आज हातात असलेली ताकद राखणे हे गेलेली परत आणण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

चाचणीसाठी बिनहाताची, न हलणारी, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लास्टिकची घडीची खुर्ची वापरू नये. प्रत्येकाने एकदा सावकाश उठून पाहावे, आणि ज्याला हात न टेकता एकदाही उठता येत नाही त्याला पुढे जाऊ देऊ नये. त्याला माझ्याकडे किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे. घड्याळ पहिल्यांदा बसलेले असताना सुरू करावे आणि पाचव्या वेळी पूर्ण ताठ उभे राहिल्यावर बंद करावे. किल्ल्यावरून उतरल्यावर लगेच चाचणी घेऊ नये, पाय थकलेले असतात. आकडा, तारीख आणि नाव वहीत लिहून ठेवावे आणि तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजावे. पोटरीचे माप बसून, तिच्या सर्वांत जाड भागावर, टेप न आवळता घ्यावे. ज्यांच्या पायांना संध्याकाळी सूज येते त्यांचे माप सकाळीच घ्यावे, नाहीतर सुजेमुळे घेर जास्त भरतो आणि झीज लपून राहते.